सगळ्यांना सारखा कर, पण सारखं काय?

इंग्लंडमधल्या जुन्या घरांच्या भिंतींवर अनेकदा एक गोष्ट नजरेत भरते. खिडकीची चौकट असते, वरची कमान असते, पण काचेच्या जागी विटा रचलेल्या असतात. सगळ्याच नाहीत, पण यातल्या कितीतरी खिडक्या करापायी बुजल्या. १६९६ साली तिथे खिडक्यांवर कर आला आणि तो १८५१ पर्यंत टिकला. खिडक्या जास्त, तर कर जास्त. लोकांनी खिडक्या बुजवल्या, नवी घरं कमी खिडक्यांची बांधली आणि दीडशे वर्षं माणसं अंधारात आणि कोंदट हवेत राहिली.

हा कर लावणाऱ्यांच्या डोक्यात न्यायाचाच विचार होता. मोठं घर म्हणजे पैसेवाला माणूस, आणि पैसेवाल्याने जास्त द्यावं. कुणाची कमाई किती हे विचारायला त्याच्या व्यवहारात डोकवावं लागतं आणि ते लोकांना खपत नाही. खिडक्या मात्र रस्त्यावरून मोजता येतात. अॅडम स्मिथने १७७६ साली यातली खोट नेमकी दाखवली. खेड्यातल्या दहा पौंड भाड्याच्या घराला कधी कधी लंडनमधल्या पाचशे पौंड भाड्याच्या घरापेक्षा जास्त खिडक्या असतात, असं त्याने लिहिलं. शहरात तर आणखी वाईट घडलं. एकाच इमारतीत अनेक गरीब कुटुंबं दाटीवाटीने राहायची, पण कर मोजताना ती सगळी इमारत एक घर धरली जायची. मग मालक खिडक्या बुजवायचा आणि उजेड जायचा भाडेकरूंचा.

करातला न्याय दोन ठिकाणी अडतो आणि ती दोन्ही ठिकाणं या एका करात उघडी पडलेली दिसतात, म्हणून मी सुरुवात इथून केली. दोन माणसं ‘सारखी’ आहेत हे कशावरून ठरवायचं, ही पहिली अडचण. आणि जे मोजायचं ठरवलं ते सरकारला दिसतं का, ही दुसरी.

डोकी मोजली तर?

‘सारखं’ याचा सगळ्यात सोपा अर्थ म्हणजे डोईपट्टी. माणशी एकच रक्कम, ना हिशेब, ना चौकशी. इंग्लंडमध्ये १३८१ साली अशाच डोईपट्टीवरून शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो थेट लंडनला जाऊन भिडला. सहाशे वर्षांनी ब्रिटनने पुन्हा तीच वाट धरली. स्थानिक कर तोवर घराच्या मोलावर होता, तो १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि १९९० मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये माणशी लावला गेला. विद्यार्थ्यांना आणि अगदी गरिबांना सवलत होती, तरीही हवेलीतला मालक आणि त्याच गावातला साधा पगारदार यांच्या नावावर एकच आकडा येऊ लागला. ३१ मार्च १९९० ला लंडनमध्ये मोठी दंगल झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मार्गारेट थॅचर यांना पंतप्रधानपद सोडावं लागलं, त्यामागच्या कारणांत हा करही होता. १९९३ मध्ये तो गेला.

पण या करामागचा युक्तिवाद नीट ऐकून घ्यायला हवा. कचरा उचलणं, रस्त्यावरचे दिवे, वाचनालय यांचा लाभ सगळ्यांना साधारण सारखा मिळतो. मग पैसे कमीजास्त का घ्यायचे? याला लाभाचं तत्त्व म्हणतात: ज्याला जितका लाभ, त्याच्याकडून तितका कर. काही ठिकाणी ते चोख बसतं. पुलाचा टोल पूल वापरणाऱ्याने द्यावा, यावर फारसं कुणी भांडत नाही. इंधनावरच्या करातून रस्ते झाले, तर जास्त फिरणारा जास्त देतो, हेही पटतं.

अडचण येते ती वाटून न देता येणाऱ्या गोष्टींपाशी. सीमेवरच्या सैन्याचा माझा वाटा किती आणि शेजाऱ्याचा किती? साथ आटोक्यात आली याचा फायदा लस घेतलेल्याला किती आणि न घेतलेल्याला किती? लोकांनाच विचारून ठरवावं, असा प्रयत्न स्वीडनचे अर्थतज्ज्ञ एरिक लिंडाल यांनी १९१९ साली सिद्धान्ताच्या पातळीवर केला. पण ‘जितका लाभ सांगाल तितका कर’ असा नियम असेल तर खरा लाभ सांगणार कोण? आणि शेवटचा अडसर सगळ्यात मोठा आहे. आजारी, निराधार, म्हातारी माणसं सरकारी मदतीचा सर्वाधिक लाभ घेतात. तत्त्व प्रामाणिकपणे लावलं तर त्यांच्याकडूनच ती मदत वसूल करावी लागेल. म्हणजे मदत असं काही उरतच नाही.

ऐपत आणि त्याग

म्हणून दुसरा विचार पुढे येतो: ज्याची जितकी ऐपत, त्याने तितकं द्यावं. इंग्रज तत्त्वज्ञ आणि अर्थतज्ज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ साली त्याला समान त्यागाचं रूप दिलं. प्रत्येकाला होणारा त्रास सारखा असावा, रक्कम कितीही असो. महिन्याला १०० कमावणाऱ्याचे १० गेले तर घरातली एखादी गरज तुटते. १००० कमावणाऱ्याचे १० गेले तर त्याच्या लक्षातही येत नाही.

इथून आपण सहज उडी मारतो की श्रीमंतावर चढत्या टक्क्याने कर हवा. पण ही उडी वाटते तितकी सरळ नाही. कमाई दुप्पट झाल्यावर हातातल्या एका नाण्याची किंमत बरोबर निम्मी वाटत असेल, तर समान त्यागातून निघतो तो सगळ्यांना एकाच टक्क्याचा कर. किंमत त्याहून झपाट्याने घटत असेल तरच टक्का चढतो. आणि ती किती झपाट्याने घटते हे मोजायचं यंत्र कुणाकडे नाही. खुद्द मिल कमाईवर चढत्या दराच्या विरोधात होता. जगण्यापुरतं उत्पन्न करमुक्त असावं आणि त्याच्या वरच्या उत्पन्नावर सगळ्यांना एकच दर असावा, असं त्याचं म्हणणं. वारशाने मिळणाऱ्या संपत्तीवर मात्र जोरदार कर असावा, कारण ती मिळवायला वारसाने काही केलेलं नसतं. आज दोन्ही बाजूचे लोक मिलला आपल्याकडे ओढतात, तेव्हा हे लक्षात ठेवलेलं बरं.

पुढे १८९७ मध्ये अर्थतज्ज्ञ फ्रान्सिस एजवर्थने वेगळा प्रश्न विचारला. प्रत्येकाचा त्याग सारखा करण्यापेक्षा सगळ्यांचा मिळून त्याग कमीत कमी का करू नये? मग हिशेब असा निघतो की सगळ्यात वरच्याचं काढत जायचं, तो दुसऱ्या नंबरवाल्याच्या बरोबरीला आला की दोघांचं काढायचं, आणि हे पुढे चालू. टोकाला गेलं तर सगळे एका पातळीवर. पण वरचं सगळं जाणार हे माहीत असताना माणूस जादा कष्ट कशाला करेल? वाटायला जे आहे तेच आटेल.

या पेचावर जेम्स मिरलीस यांनी १९७१ मध्ये जे मांडलं ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोलाचं वाटतं. सरकारला खरं तर माणसाच्या कुवतीवर कर लावायचा असतो, पण दिसते फक्त कमाई. मोठी कुवत असून निवांत राहणारा आणि बेताची कुवत असून रात्रंदिवस राबणारा यांची कमाई सारखी असू शकते. करखात्याला दोघं एकसारखेच दिसणार. न्याय आणि कष्टाची उमेद यांच्यात ओढाताण का होते, याचं मूळ सरकारच्या या आंधळेपणात आहे. या कामासाठी मिरलीस यांना १९९६ मध्ये विल्यम विक्री यांच्यासोबत नोबेल मिळालं.

चढत्या दराबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो इथेच दूर करायला हवा. समजा पहिले १०० करमुक्त, १०० ते २०० वर १० टक्के आणि २०० च्या पुढे ३० टक्के. २०० कमावणाऱ्याला कर १०. त्याची कमाई २०१ झाली की अनेकांना वाटतं, आता सगळ्या २०१ वर ३० टक्के लागणार, त्यापेक्षा पगारवाढ नको. तसं नसतं. ३० टक्के लागतात ते फक्त वरच्या १ वर. कर होतो १०.३० आणि हातात आधी १९० पडायचे, आता १९०.७०. ३०० कमावणाऱ्याचा कर ४० होतो, म्हणजे सगळ्या कमाईच्या तेरा-साडेतेरा टक्के. वाढ खरंच अंगावर येते ती वेगळ्या कारणाने: एखादी सरकारी मदत ठरावीक उत्पन्नापलीकडे एकदम बंद होत असेल, तर तो कडा खरा आहे आणि तो गरिबांच्याच वाटेत उभा असतो.

एकसारखी दोन माणसं

आतापर्यंतचा प्रश्न वरखालचा, म्हणजे ‘उभा’ होता: कमी आणि जास्त कमावणाऱ्यांत फरक किती करायचा. आडवा प्रश्न वरवर सोपा दिसतो. एकसारख्या स्थितीतल्या दोघांना एकसारखा कर. यावर सगळ्यांचं एकमत असतं, आणि ते ‘एकसारखी स्थिती’ म्हणजे काय हे विचारेपर्यंतच टिकतं.

एकाने वर्षभर राबून ३०० पगार मिळवला. दुसऱ्याकडे शेअर आहेत, त्यांची किंमत वर्षात ३०० ने वाढली, पण त्याने ते विकले नाहीत. दोघांचं उत्पन्न सारखं का? रॉबर्ट हेग यांनी १९२१ मध्ये आणि हेन्री सायमन्स यांनी १९३८ मध्ये दिलेल्या व्याख्येनुसार, हो. वर्षभरात जे खर्च केलं आणि संपत्तीत जी भर पडली, त्यांची बेरीज म्हणजे उत्पन्न. भर कुठून आली याला महत्त्व नाही. व्यवहारात मात्र बहुतेक देश वाढलेल्या किमतीवर कर घेतात तो विक्री झाल्यावर, आणि तोही अनेक ठिकाणी पगारापेक्षा कमी दराने. याला कारणं आहेत: वाढ कागदावरची असते, उद्या उतरूही शकते, आणि तिच्यातला काही भाग नुसती महागाई असते. तरीही कर पुढे ढकलता येणं हा स्वतःच एक लाभ आहे. अमेरिकेत तर मालमत्ता मृत्यूपर्यंत विकलीच नाही, तर वारसासाठी तिची खरेदी किंमत नव्याने, त्या दिवसाच्या बाजारभावाने धरली जाते, आणि तोवरच्या वाढीवर प्राप्तिकर कधीच लागत नाही. पगारदाराला अशी वाट नाही. त्याचा कर पगार हातात पडायच्या आधीच कापलेला असतो.

आता लग्न झालेलं जोडपं घेऊ. इथे थोडं थांबायला हवं, कारण इथली अडचण कुणाच्या वाईट हेतूतून आलेली नाही, ती निव्वळ गणितातून येते.

समजा, प्रत्येकाचे पहिले ५० करमुक्त, त्यापुढच्या कमाईवर ४० टक्के. पहिल्या घरात एकजण १०० कमावतो, दुसरा काही नाही. दुसऱ्या घरात दोघंही ५०-५० कमावतात. दोन्ही घरांत येतात १००च. कर माणशी लावला तर पहिल्या घराचा कर २० आणि दुसऱ्याचा शून्य. सारख्या घरांना वेगळा कर, हा अन्याय झाला. मग घर हेच एकक धरू आणि घरामागे एकदाच ५० ची सूट देऊ. आता दोन्ही घरांना २०. पण दुसऱ्या घरातले दोघं लग्नाआधी शून्य भरत होते, लग्न केल्याबद्दल त्यांना २० चा भुर्दंड. ठीक आहे, घराला दुप्पट, १०० ची सूट देऊ. दोन्ही घरांना शून्य. पण पहिल्या घरातला कमावता एकटा असताना २० भरायचा, लग्न केलं म्हणून ते माफ झाले, आणि त्याच्याइतकंच कमावणारा अविवाहित मात्र अजून २० भरतोय.

आकडे कितीही फिरवा, सुटका नाही. चढता दर, सारख्या घरांना सारखा कर, आणि लग्नाने कर न बदलणं, या तिन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. एक सोडावीच लागते. जर्मनीत १९५८ पासून जोडप्याची कमाई एकत्र करून निम्मी-निम्मी धरण्याची सोय आहे. स्वीडनने १९७१ मध्ये उलट निर्णय घेतला आणि कर माणशी केला. कमाई एकत्र धरली की कमी कमावणाऱ्याच्या पहिल्या नाण्यावरही जोडीदाराचा वरचा दर लागतो, आणि ती कमी कमावणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाईच असते. माझ्या मते स्वीडनची निवड बरोबर होती, पण त्यासाठी दुसरा एक न्याय सोडावा लागला हेही तितक्याच स्पष्टपणे मान्य करायला हवं.

कागदावर एकाचं नाव, झळ दुसऱ्याला

कायदा सांगतो की कर कुणी भरायचा. झळ कुणाला बसेल हे कायद्याच्या हातात नसतं. अर्थशास्त्रात पहिल्याला कराघात म्हणतात, दुसऱ्याला करभार, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याला कराचं संक्रमण.

अमेरिकेने १९९० मध्ये चैनीच्या वस्तूंवर कर आणला. १ लाख डॉलरपेक्षा महाग बोट घेतली तर वरच्या रकमेवर १० टक्के. श्रीमंतांच्या चैनीवर कर, याहून न्याय्य काय असणार? पण श्रीमंताला बोट घेतलीच पाहिजे असं नव्हतं. कुणी जुनी घेतली, कुणी बाहेरच्या देशात घेतली, कुणी तो पैसा दुसऱ्या हौसेवर घातला. बोटी बांधणाऱ्या कारागिरांना मात्र वळायला जागा नव्हती. त्या काळात मंदीही होती, त्यामुळे सगळा दोष कराचा नाही, पण नोकऱ्या गेल्या त्या कारखान्यांतल्या. १९९३ मध्ये बोटींवरचा हा कर रद्द झाला. कर दोघांच्या मधे पडला की ज्याला बाजूला सरकता येत नाही, त्याच्या अंगावर तो जास्त पडतो. मालकाने कामगारासाठी भरायची वर्गणीही याच वाटेने जाते. कालांतराने तिचा बराचसा भाग कमी पगाराच्या रूपाने कामगाराकडूनच वसूल होतो, असं बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात.

खरेदीवरच्या कराचंही तेच. १० टक्के कर सगळ्यांना एकच दिसतो. पण १०० कमावणारा सगळे १०० खर्च करतो आणि कमाईचा साधारण दहावा हिस्सा करात देतो. १००० कमावणारा ५०० खर्चून ५०० शिल्लक टाकतो, त्याला कमाईच्या मानाने तोच कर निम्मा लागतो. यावर उपाय म्हणून गरजेच्या वस्तू करमुक्त करतात. गरिबाला त्याने दिलासा मिळतोच. पण त्याच वस्तू श्रीमंतही घेतो, आणि बहुधा जास्त किंवा भारी घेतो, म्हणून सवलतीची मोठी रक्कम त्याच्याच घरी जाते. डेन्मार्कमध्ये विक्रीवरच्या या कराचा दर २५ टक्के आहे आणि सवलती नावापुरत्या, तरी तो देश विषमतेसाठी ओळखला जात नाही, कारण गोळा झालेला पैसा शिक्षण, आरोग्य आणि मदतीतून खालपर्यंत परत पोचतो. एकेकटा कर न्याय्य आहे का, हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. कर आणि खर्च दोन्ही धरून शेवटी कुणाच्या पदरात काय पडलं, ते बघावं लागतं.

दिसतं कुणाचं, लपतं कुणाचं

चांगल्या करासाठी स्मिथने चार कसोट्या दिल्या होत्या, आणि त्यातली पहिली समतेची असूनही त्याचा जास्त कटाक्ष दुसरीवर होता: कर किती, कधी आणि कसा भरायचा हे आधीच स्पष्ट असावं. थोडीशी अनिश्चितता बऱ्याच मोठ्या विषमतेपेक्षाही वाईट, असं तो ठासून सांगतो. कारण जिथे रक्कम संदिग्ध, तिथे ती ठरवणारा अधिकारी राजा होतो. नियम किचकट झाले की तेच घडतं. सल्लागार परवडणाऱ्याला पळवाट सापडते, बाकीच्यांना दंडाची नोटीस.

कुणाची ऐपत किती हे ओळखण्याची एक विलक्षण युक्ती इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्समध्ये होती. तिथे श्रीमंत नागरिकावर एखाद्या युद्धनौकेचा वर्षाचा खर्च किंवा उत्सवातल्या गायकवृंदाचा खर्च सोपवला जायचा. ‘माझ्यापेक्षा अमुक जास्त श्रीमंत आहे’ असं त्याला वाटलं, तर तो त्या अमक्याला आव्हान देऊ शकायचा: हा खर्च तू उचल, नाहीतर तुझी मालमत्ता मला दे आणि माझी तू घे. समोरच्याने दोन्ही नाकारलं तर प्रकरण न्यायालयात. संपत्ती कमी सांगण्याची सोयच उरत नाही. जो म्हणेल ‘माझ्याकडे फार काही नाही’, त्याला अदलाबदल करायला हरकत काय? हे चालू शकलं, कारण खेळ मोजक्या धनिकांमधला होता आणि ते एकमेकांना ओळखून होते.

आज ते काम कागदपत्रं करतात, आणि ती सगळ्यांची सारखी नसतात. डेन्मार्कमध्ये हजारो करदात्यांची विवरणपत्रं बारकाईने तपासून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या उत्पन्नाची माहिती मालक किंवा बँक परस्पर कळवते, तिथे चुकवेगिरी जवळजवळ नव्हती. जे उत्पन्न माणूस स्वतःच सांगतो, तिथे ती भरपूर होती. पगारदार जास्त प्रामाणिक असतो असा याचा अर्थ नाही. त्याच्या सगळ्या खिडक्या रस्त्यावरून मोजता येतात, एवढंच. बाहेरच्या देशांतल्या खात्यांची माहिती सरकारांनी आपसात आपोआप देण्याची जागतिक व्यवस्था सुरू झाली ती २०१७ मध्ये. तोवर मोठी संपत्ती बरीचशी विटांच्या आडच होती.

नॉर्वेने वेगळाच मार्ग धरला आहे. तिथे कुणाचं करपात्र उत्पन्न किती, संपत्ती किती आणि त्याने कर किती भरला, ही यादी सार्वजनिक असते आणि ती इंटरनेटवरही आली. लोक शेजाऱ्यांचे, सहकाऱ्यांचे आकडे बघू लागले, आणि त्यातून चिडवाचिडवी, हेवेदावे हेही आलं. २०१४ पासून तिथे एक नियम बदलला. यादी आजही बघता येते, पण कुणी बघितली हे ज्याचा आकडा बघितला त्याला कळतं. तेव्हापासून बघणाऱ्यांची संख्या एकदम घसरली.